साहिबसिंग सोखी : परळच्या हाफकिनपासून पिंपरीच्या मातीपर्यंत

मे २०२१ आठवतोय? कोविडची दुसरी लाट जरा ओसरत होती आणि अचानक सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक नवं नाव फिरायला लागलं : अ‍ॅम्फोटेरिसिन-बी. काळ्या बुरशीवरचं, म्हणजे म्युकरमायकोसिसवरचं इंजेक्शन. ते कुठेच मिळत नव्हतं. आमच्या लालबाग-परळच्या ग्रुपवर दिवसाला दहा-दहा मेसेज यायचे, अमुक हॉस्पिटलमध्ये पेशंट आहे, इतक्या व्हायल हव्यात, कुणाकडे असतील तर कळवा. शेवटी वर्ध्याच्या एका कंपनीला हे औषध बनवायची परवानगी द्यावी लागली.

आता गंमत बघा. ज्या औषधासाठी आपण रात्रभर फोन फिरवत होतो, ते मुळात मातीतून आलंय. व्हेनेझुएलात ओरिनोको नाव असलेली नदी आहे. तिच्या भागातली माती १९५० च्या दशकात तपासली गेली, तिच्यात एक जिवाणू सापडला आणि तो हे औषध बनवत होता.

आणि आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. त्यानंतर काहीच वर्षांनी, याच घराण्यातलं एक नवं औषध आपल्या पिंपरीच्या मातीतून निघालं होतं. हो, पुण्याजवळची पिंपरी. त्याचं नाव हॅमायसिन.

पिंपरीत ते शोधणारी लॅब का होती? कारण तिथे सरकारी अँटिबायोटिक कारखाना होता. तो कारखाना व्हावा म्हणून वर्षानुवर्षं जे लोक झटले, त्यांच्यात एक माणूस परळच्या हाफकिन संस्थेत बसायचा. मेजर जनरल साहिबसिंग सोखी. आज त्यांची गोष्ट सांगतो. आपल्या साइटवर आपण चिप, बॅटरी, ऑपरेटिंग सिस्टीम यांच्या गोष्टी वाचतो. ही गोष्टही टेक्नॉलॉजीचीच आहे, फक्त इथे मशीन म्हणजे एक जिवाणू आहे.

आधी थोडं बेसिक : मातीतून औषध निघतं कसं?

पहिला पाऊस पडला की जो मातीचा वास येतो, तो तुम्हाला आवडत असेलच. त्या वासात मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या रसायनाचा असतो आणि ते बनवतात मातीतले जिवाणू. त्यातलं एक मोठं कुटुंब म्हणजे स्ट्रेप्टोमायसीस. दिसायला हे बुरशीसारखे, धाग्या-धाग्यांचे, पण आहेत जिवाणूच.

चिमूटभर मातीत कोट्यवधी जीव दाटीवाटीने राहतात. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता जशी गर्दी असते, तशी समजा. जागा कमी, खाणं कमी. अशा गर्दीत हे जीव वेगवेगळी रसायनं सोडतात. त्यातली काही रसायनं शेजारच्या जिवाणूंची किंवा बुरशीची वाढ थांबवतात. तीच आपली अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक औषधं.

शोधायची जुनी पद्धत ऐकायला अगदी सोपी आहे. माती पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचं आणि अगरच्या बशीवर पसरायचं. काही दिवसांनी बशीवर ठिपके उगवतात. एकेक ठिपका म्हणजे एकेका जिवाणूची वसाहत. मग त्यातल्या प्रत्येकाच्या शेजारी रोगाचा जंतू वाढवायचा. एखाद्या ठिपक्याभोवती रोगजंतू उगवलेच नाहीत, स्वच्छ गोल रिकामी जागा दिसली, की समजायचं इथे काहीतरी आहे.

पण खरं काम इथून पुढे सुरू होतं. ते रसायन वेगळं काढायचं, शुद्ध करायचं, ते नवं आहे की आधीच सापडलेलं आहे ते बघायचं, उंदराला देऊन बघायचं, मग माणसाला. आणि सगळ्यात अवघड म्हणजे ते टनावारी बनवायचं. बशीतला जिवाणू औषध बनवतो तो कणभर. लॅपटॉपवर चालणारा कोड आणि लाखो लोक एकाच वेळी वापरतात तो सर्व्हर यांच्यात जेवढा फरक, तेवढाच या दोन टप्प्यांत आहे. सोखींचं निम्मं आयुष्य या फरकाशी झगडण्यात गेलं.

पंजाबातून परळला

साहिबसिंग सोखी यांचा जन्म १८८७ सालचा, अमृतसरचा. लाहोरला कॉलेज केलं, पुढे एडिंबराला जाऊन डॉक्टर झाले. मग इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लष्करी डॉक्टरांच्या सेवेत दाखल झाले. त्यांच्या नावापुढे मेजर जनरल दिसतं ते त्यामुळेच. लगेच पहिलं महायुद्ध सुरू झालं. ते संपल्यावर मात्र त्यांचा ओढा दवाखान्यापेक्षा प्रयोगशाळेकडे जास्त राहिला आणि १९२० च्या दशकात ते परळच्या हाफकिन संस्थेत आले.

केईएम, वाडिया ही हॉस्पिटलं जिथे आहेत, त्याच आचार्य दोंदे मार्गावर हाफकिनचं आवार आहे. लोअर परळच्या ऑफिसला जाताना मी कित्येकदा त्या गेटसमोरून जातो. बाहेर टॅक्सी, पेशंटचे नातेवाईक, फळवाले, सगळी गडबड. आत मोठी झाडं आणि एक जुनी भव्य इमारत. या इमारतीत एके काळी मुंबईचे गव्हर्नर राहायचे.

गव्हर्नरच्या बंगल्याची लॅब झाली ती प्लेगमुळे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि शहर रिकामं होऊ लागलं. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका छोट्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये ही लॅब परळच्या बंगल्यात आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचं नाव मिळालं.

१९३२ मध्ये सोखी या संस्थेचे संचालक झाले. पहिले भारतीय संचालक म्हणून त्यांची नोंद आहे. १९४९ पर्यंत, म्हणजे तब्बल सतरा वर्षं ते त्या खुर्चीवर होते.

त्यांच्या घरातली एक बाजू अगदी वेगळी होती. त्यांच्या पत्नी लीला सोखी म्हणजेच प्रसिद्ध नृत्यांगना मेनका. कथ्थकला त्यांनी रंगमंचावरच्या नृत्यनाट्याचं रूप दिलं, युरोपचा दौरा केला आणि १९३६ मध्ये बर्लिनला त्यांच्या संचाचा गौरव झाला. खंडाळ्याला त्यांनी नृत्याची शाळा काढली. पुढे नावारूपाला आलेल्या कथ्थक नर्तकी दमयंती जोशी लहानपणापासून त्यांच्याच तालमीत वाढल्या. मेनका १९४७ मध्ये गेल्या. एका बाजूला घुंगरू आणि दुसऱ्या बाजूला प्लेगचे जंतू, असं ते घर होतं.

प्लेग, उंदीर आणि सल्फा

सोखी आले तेव्हा प्लेगचा पहिला तडाखा ओसरला होता, पण रोग गेला नव्हता. भारतात त्याने तोवर एक कोटीहून जास्त बळी घेतले होते. लस होती, पण प्रत्येक खेप सारखीच ताकदवान आहे का, हे मोजायची खात्रीची रीत हवी होती. सोखींनी तिथे लक्ष घातलं. लस दिलेल्या उंदरांना प्लेगचे जंतू टोचायचे, किती वाचतात ते मोजायचं आणि त्यावरून लसीची ताकद ठरवायची. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी रिलीजच्या आधी टेस्टिंग बसवलं.

पण लस ही आधी घ्यायची गोष्ट. ज्याला प्लेग झालाय त्याचं काय? गाठ आली, ताप चढला की डॉक्टरांच्या हातात फारसं काही नसायचं. निम्म्याहून जास्त माणसं जायची.

१९३० च्या दशकात युरोपात सल्फा औषधं आली. ही मातीतली नाहीत, कारखान्यात बनवलेली रसायनं. सोखी आणि त्यांच्या टीमने ती प्लेगवर चालतात का ते उंदरांवर तपासायला घेतलं. या कामात वागळे, गणपती आणि बी. बी. दीक्षित ही मंडळी होती. हेच दीक्षित पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले. १९४० च्या सुमारास निकाल हाती आले. सल्फाथायाझोल चालत होतं. प्लेगचा माणूस औषधाने वाचू शकतो, हे आता दिसू लागलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच दुसरं महायुद्ध पेटलं. जहाजं अडकली, औषधांचा पुरवठा तुटला. तुमच्याच लॅबने सिद्ध केलेलं औषध तुम्हालाच मिळत नाही, अशी वेळ. मग हाफकिनमध्येच सल्फा औषध बनवायला सुरुवात झाली. परळच्या त्या आवारात केमिस्ट लोकांनी ते स्वतः तयार केलं.

मला वाटतं, सोखींच्या डोक्यातला पुढचा सगळा विचार इथे पक्का झाला. औषध माहीत असणं ही एक गोष्ट आणि ते बनवता येणं ही दुसरी.

खरं तर या विचाराची सुरुवात आधीच झाली होती. १९३८ मध्ये काँग्रेसने राष्ट्रीय नियोजन समिती नेमली, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. देश स्वतंत्र झाल्यावर काय काय करायचं, याचा तो कच्चा आराखडा होता. त्यातल्या आरोग्य उपसमितीचे अध्यक्ष होते सोखी. या उपसमितीची एक शिफारस तेव्हा फार धाडसी होती. माणसांच्या किंवा जनावरांच्या उपचाराला लागणाऱ्या कुठल्याही पदार्थाचं पेटंट कुणाही व्यक्तीकडे किंवा कंपनीकडे असू नये, मग ती भारतीय असो की परदेशी. लक्षात घ्या, हे म्हणणारा माणूस ब्रिटिश सरकारच्याच लष्करी सेवेत होता.

न्यू जर्सीच्या शेतातलं औषध

इकडे हे चालू असताना अमेरिकेत मातीतून खजिना निघत होता. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांची लॅब मातीतल्या जिवाणूंवर काम करत होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ याला शेणखत घातलेल्या शेतजमिनीत एक स्ट्रेप्टोमायसीस सापडला. दुसरा तसाच एका कोंबडीच्या घशातून मिळाला. त्यातून निघालं स्ट्रेप्टोमायसिन.

पेनिसिलिन होतंच, पण ते क्षयावर, म्हणजे टीबीवर चालत नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन चाललं. टीबीवर खरोखर काम करणारं हे पहिलं अँटिबायोटिक. गिरणगावात तेव्हा कापसाच्या धुळीत आठ-आठ, दहा-दहा तास उभं राहायचं आणि चाळीतल्या एका खोलीत दहा माणसांनी झोपायचं, असं आयुष्य होतं. अशा ठिकाणी टीबी किती वेगाने पसरतो, हे वेगळं सांगायला नको. तिथे या औषधाची किंमत काय असेल, तुम्हीच विचार करा.

सोखींच्या जुन्या शत्रूवरही ते चाललं. १९४८ पर्यंत भारतात प्लेगच्या रुग्णांना स्ट्रेप्टोमायसिन देऊन झालं होतं आणि हाताबाहेर गेलेले रुग्णही त्याने बरे होत होते. पुढे कित्येक वर्षं प्लेगवरचं मुख्य औषध तेच राहिलं.

या औषधाची एक बाजू सोखींसारख्या माणसाने नक्कीच टिपली असणार. सुरुवातीच्या करारानुसार त्याचे हक्क मर्क या एका कंपनीकडे जाणार होते. वॅक्समन यांनी मर्कला राजी केलं आणि हक्क रटगर्सच्या एका संस्थेकडे आले. त्यामुळे अनेक कंपन्यांना ते बनवता आलं. पुढे शॅट्झ यांनी आपलं श्रेय आणि वाटा मिळावा म्हणून वॅक्समन यांच्यावर खटला भरला, तडजोड झाली, पण १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समन यांना मिळालं. मातीतला जिवाणू कुणाच्याच मालकीचा नसतो. त्यातून औषध निघालं की मात्र मालक उभे राहतात.

पॅकिंग म्हणजे उत्पादन नव्हे

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतात अँटिबायोटिक बनत नव्हतं म्हटलं तरी चालेल. पेनिसिलिन बाहेरून यायचं आणि इथे बाटल्यांत भरलं जायचं. हे बाटल्या भरायचं काम हाफकिनच्या आवारातही चाले. मोबाइलचे सगळे पार्ट बाहेरून आणून इथे फक्त स्क्रू बसवायचे, तसं.

यात वाईट काय? सुरुवात म्हणून काहीच नाही. पण बाटली भरून तुम्हाला जिवाणू समजत नाही. हजारो लिटरच्या टाकीत त्याला वाढवायचं म्हणजे सतत निर्जंतुक हवा द्यावी लागते, न थांबता ढवळावं लागतं, तापमान सांभाळावं लागतं. बाहेरचा एक परका जंतू आत शिरला तर अख्खी टाकी फेकून द्यायची. जास्त औषध देणारा वाण निवडत राहावं लागतं. मग हजारो लिटर पाण्यातून ते थोडंसं रसायन वेगळं काढायचं. हे ज्ञान पुस्तकात वाचून येत नाही. टाकीजवळ उभं राहिल्यावर येतं.

परदेशी कंपन्या हे ज्ञान द्यायला तयार होत्या, पण अटी घालून. किती वर्षं रॉयल्टी, कोणती माहिती गुप्त, सुधारणा झाली तर ती कुणाची, असं सगळं. सोखींना अशा अटींवर उभा राहिलेला कारखाना नको होता. त्यांना सरकारी कारखाना हवा होता आणि त्यातलं ज्ञान आपल्या माणसांच्या हातात हवं होतं.

जिनिव्हा, दिल्ली आणि पिंपरी

हाफकिन सोडल्यावर सोखी जिनिव्हाला गेले. जागतिक आरोग्य संघटना, म्हणजे आपल्याला कोविडमुळे पाठ झालेली डब्ल्यूएचओ, तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिथे ते सहाय्यक महासंचालक झाले. १९५२ मध्ये परत आल्यावर त्यांना राज्यसभेवर नेमण्यात आलं आणि १९५६ पर्यंत ते खासदार होते.

याच काळात पिंपरीच्या कारखान्याचं जमलं. शेवटी मदत आली ती कुठल्या कंपनीकडून नाही, तर डब्ल्यूएचओ आणि युनिसेफकडून. १९५१ मध्ये करार झाला. यंत्रं आणि तज्ज्ञ त्यांनी द्यायचे, जागा आणि इमारत आपली. या मदतीमागची कल्पना अशी होती की इथलं ज्ञान कुलपात ठेवायचं नाही, ते दुसऱ्या देशांनाही शिकता आलं पाहिजे. आजच्या भाषेत बोलायचं तर ओपन सोर्सच्या जवळ जाणारी ही गोष्ट होती. ओपन सोर्स हा शब्द जन्मायच्या किती तरी आधीची.

१९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. पुण्याकडे तुमचं जाणं-येणं असेल तर पिंपरीतली एचए कॉलनी ऐकली असेल. ते एचए म्हणजेच हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. आज पिंपरी-चिंचवड म्हटलं की आपल्याला गाड्यांचे कारखाने आठवतात, पण तिथल्या सुरुवातीच्या मोठ्या कारखान्यांत हा औषधांचा कारखाना होता.

याचं श्रेय एकट्या सोखींना देणं बरोबर होणार नाही. नेहरू होते, शांतिस्वरूप भटनागर होते, अनेक अधिकारी आणि केमिस्ट होते. पण अँटिबायोटिक सरकारने स्वतः बनवावं, ही मागणी इतकी वर्षं न सोडणाऱ्यांत सोखी पहिल्या रांगेत होते.

मर्क की मॉस्को?

सोखींचं सगळं त्यांच्या मनासारखं झालं असं नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रश्न आला तो स्ट्रेप्टोमायसिनचा. टीबीच्या देशात हे औषध बनवायलाच हवं होतं. सोखींचा कल सोव्हिएत मदतीकडे होता. रशियन तज्ज्ञ इथे मोठे सरकारी कारखाने उभे करायला तयार होते. त्यांच्या या झुकावावर तेव्हाही टीका झाली. १९५३ मध्ये त्यांना शांततेसाठीचा स्टॅलिन पुरस्कार मिळालेला होता, तेव्हा शीतयुद्धाच्या त्या दिवसांत त्यांच्यावर शिक्का बसणं साहजिकच होतं.

पिंपरीच्या स्ट्रेप्टोमायसिनसाठी सरकारने शेवटी मर्कबरोबर करार केला. सोखींना नको होती तीच वाट. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे स्ट्रेप्टोमायसिन बनू लागलं. पण सोव्हिएत प्रस्तावही वाया गेला नाही. १९६१ मध्ये इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स, म्हणजे आयडीपीएल स्थापन झाली. सोव्हिएत मदतीने ऋषिकेशला अँटिबायोटिकचा आणि हैदराबादला कृत्रिम औषधांचा कारखाना उभा राहिला. हैदराबादच्या औषध कंपन्यांची आज जी दुनिया आहे, तिथल्या कित्येक माणसांनी पहिले धडे आयडीपीएलमध्ये गिरवले.

इथे माझं मत सांगतो. सोखी राजकारणात थोडे एकांगी होते, असं मला वाटतं. सरकारी कारखाना म्हणजे आपोआप चांगला, असं नसतं, ते आपण पुढे बघितलंच. पण त्यांचा मूळ प्रश्न मात्र बिनतोड होता. जे बनवता येत नाही, त्यात नवं काही शोधणार कसं?

पिंपरीच्या मातीतलं हॅमायसिन

या प्रश्नाचं उत्तर पिंपरीनेच दिलं. कारखान्याला जोडून संशोधन विभाग होता. तिथे एम. जे. तिरुमलाचार हे बुरशीतज्ज्ञ काम करत होते. टाक्या होत्या, वाण जपायची सोय होती, रसायन शुद्ध करणारे हात तयार झाले होते. मग त्यांनी आजूबाजूची माती तपासायला घेतली. ती बशी, तो ठिपका, त्याच्याभोवतीची रिकामी जागा, सगळं तसंच.

१९६१ च्या सुमारास त्यांनी एका नव्या स्ट्रेप्टोमायसीसची आणि त्यातून मिळालेल्या नव्या औषधाची माहिती प्रसिद्ध केली. जिवाणूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. औषधाचं नाव हॅमायसिन. त्यातलं हॅ म्हणजे एचए, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. जगाच्या औषधकोशात पिंपरीचं नाव असं गेलं.

हॅमायसिन जिवाणूवर नाही, बुरशीवर चालतं. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी आणि हे एकाच घराण्यातले, पॉलिन म्हणतात त्यांना. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. ही औषधं त्याला चिकटतात, आवरणाला भोकं पडतात आणि पेशी मरते. आपल्या पेशींत अर्गोस्टेरॉल नसतो, कोलेस्टेरॉल असतो, म्हणून आपण वाचतो. पण दोन्ही दिसायला बरेच सारखे, त्यामुळे औषध थोडं आपल्यालाही लागतंच. म्हणूनच अ‍ॅम्फोटेरिसिन घेताना मूत्रपिंडावर डॉक्टरांचं बारीक लक्ष असतं.

हॅमायसिन तोंडातल्या आणि त्वचेवरच्या बुरशीसाठी वापरलं गेलं. शरीराच्या आत खोलवर गेलेल्या बुरशीसाठी मात्र जगभर अ‍ॅम्फोटेरिसिनच टिकलं. पिंपरीतच ऑरिओफंजिन नावाचं आणखी एक बुरशीनाशक सापडलं, ते पिकांच्या रोगांवर उपयोगी पडलं. म्हणजे कारखाना सुरू झाल्यावर दहाएक वर्षांतच त्याच आवारातून नवी औषधं निघत होती. नुसत्या बाटल्या भरत बसलो असतो तर हे झालं असतं का? मला नाही वाटत.

पुढे काय झालं?

१९७० मध्ये भारताने नवा पेटंट कायदा केला. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर. तुम्ही वेगळी पद्धत शोधलीत तर तेच औषध तुम्हीही बनवू शकता. तीस वर्षांपूर्वी सोखींच्या उपसमितीने जे मागितलं होतं, त्याच्या बऱ्यापैकी जवळ जाणारा हा कायदा. तो लागू झाला १९७२ मध्ये. सोखी १९७१ मध्येच गेले होते.

या कायद्याच्या आधारावर भारत जगाचं मेडिकल स्टोअर बनला. २००५ मध्ये नियम पुन्हा बदलले आणि पदार्थावरची पेटंट परत आली.

आणि पिंपरी? तो भाग वाचताना वाईट वाटतं. १९९० च्या दशकात हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आजारी उद्योगांच्या यादीत गेली. चीनचं स्वस्त पेनिसिलिन आलं आणि आपल्या देशातल्या टाक्या एकेक करून बंद पडल्या. पेनिसिलिनचा कच्चा माल, पेनिसिलिन-जी, आपण कित्येक वर्षं चीनमधून आणत राहिलो. २०२० मध्ये सीमेवर तणाव आणि कोविड एकदमच आले, तेव्हा सरकारने असा कच्चा माल देशात बनवायला पैसे देणारी योजना काढली. परळच्या लॅबमध्ये दुसऱ्या महायुद्धात जो प्रश्न पडला होता, तोच ऐंशी वर्षांनी पुन्हा.

आता माती संपली का?

नाही. पण सोपी औषधं सापडून गेली. जुन्या पद्धतीने माती तपासली की पुन्हा पुन्हा तीच औषधं हाती लागतात. त्यात मातीतले बहुतेक जिवाणू लॅबच्या बशीत उगवतच नाहीत. दुसरीकडे आपण साध्या सर्दीलाही अँटिबायोटिक घेतो, कोर्स अर्धवट सोडतो, आणि जंतू शिकत जातात. औषधाला न जुमानणारा टीबी मुंबईत किती त्रास देतो, हे शिवडीच्या टीबी हॉस्पिटलमध्ये गेलेल्या कुणालाही विचारा.

त्यामुळे आता नवे रस्ते शोधले जातायत. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी टेक्सोबॅक्टिन नावाचं अँटिबायोटिक जाहीर केलं. त्यांनी जिवाणू बशीत वाढवलाच नाही. बारीक भोकांच्या एका चिपमध्ये एकेक जिवाणू अडकवून ती चिप परत मातीतच पुरली, म्हणजे त्याला घरचंच वातावरण मिळालं. औषध अजून बाजारात आलेलं नाही, पण रस्ता दिसलाय.

दुसरा रस्ता आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. जिवाणूचा पूर्ण जीनोम वाचायचा आणि त्यात औषध बनवणाऱ्या जनुकांचे गट सॉफ्टवेअरने शोधायचे. २००२ मध्ये एका स्ट्रेप्टोमायसीसचा जीनोम वाचला, तेव्हा त्यात असे वीसहून जास्त गट निघाले. लॅबमध्ये त्याने तोवर त्यातली मोजकीच रसायनं दाखवली होती. बाकीचा कोड तिथेच पडून होता, कुणी चालवलाच नव्हता. हे गट शोधायला अँटिस्मॅश नावाचं टूल आहे, मोफत आणि ओपन सोर्स. बायोलॉजी शिकणारा मित्र आणि थोडं पायथन येणारे तुम्ही, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

फक्त एक लक्षात ठेवायचं. स्क्रीनवर जनुकांचा गट दिसला म्हणजे औषध मिळालं असं नाही. त्यानंतर कुणाला तरी तो जिवाणू वाढवावा लागतो, टाकी सांभाळावी लागते, रसायन शुद्ध करावं लागतं. ते हात आणि त्या टाक्या देशात असाव्या लागतात. आचार्य दोंदे मार्गावरून कधी गेलात तर उजवी-डावीकडच्या हॉस्पिटलांच्या गर्दीत हाफकिनची पाटी शोधा. साहिबसिंग सोखी सतरा वर्षं तिथे बसून हेच सांगत होते.